माणूस विश्वाच्या मध्यभागी नसेल, तर बारावीनंतर काय करू?

गुहागर तालुक्यातल्या एका गावातून बारावी सायन्सच्या विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं तिने कळवलंय. चार पानी पत्राचा गाभा असा:

"ताई, माझ्याकडे पीसीएमबी आहे. दहावीच्या सुट्टीपासून खगोलशास्त्राचं मिळेल ते वाचतेय. आधी पृथ्वी मध्यभागी होती, मग सूर्य आला, मग सूर्यही आकाशगंगेत एका बाजूला गेला, मग आकाशगंगासुद्धा असंख्य दीर्घिकांपैकी एक निघाली. डार्विनने माणसाला प्राण्यांच्या पंगतीला बसवलं. वाचताना अंगावर काटा येतो. पण अभ्यासाला बसले की वाटतं, एवढ्या पसाऱ्यात मी सीईटी दिली काय नि नाही दिली काय! आजीला म्हटलं, माणूस म्हणजे काही विशेष नाही, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पप्पांची आंब्याची बाग आणि थोडी भातशेती आहे. ते म्हणतात, बी. फार्म. कर, जवळ होईल. मला विश्वाबद्दलच शिकायचंय, पण ते शिकून नोकरी कोण देतं? आणि काहीच महत्त्वाचं नसेल तर शिकायचं तरी कशाला?"

प्रिय मुली,

तुझे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. कोर्सचं आणि नोकरीचं मी नंतर सांगते. आधी तुझा शेवटचा प्रश्न घेते, कारण तो मनात तसाच राहिला तर कुठल्याही कॉलेजात तुझा जीव रमायचा नाही.

पृथ्वी, सूर्य, आकाशगंगा ही तू लिहिलेली उतरंड बरोबर आहे. पण तू ती निकालपत्रासारखी वाचली आहेस: माणूस नापास, एवढंच. हे कोणी, कसं, काय करून शोधलं, याबद्दल तुझ्या चार पानांत एक ओळही नाही. करिअर निवडणाऱ्या मुलीने खरं तर तिकडेच बघायला हवं.

दाभोळ-धोपावे फेरीबोटीत तू बसली असशीलच. बोट पुढे निघाली की काठावरचे माड मागे सरकताना दिसतात. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये, तेविसाव्या वर्षी, नेमका हाच दाखला दिला होता: नावेतल्या माणसाला स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे आपल्याला स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, एवढंच त्याला सांगायचं होतं. सवाशे वर्षांनंतर ब्रह्मगुप्तासारख्या थोर गणितज्ञालाही ते पटलं नाही. दिसतंय त्यातून आपली स्वतःची हालचाल वजा करायला तेव्हाही जड गेलं, पुढे हजार वर्षांनी युरोपातही गेलं. सूर्य मध्यभागी मांडणारा कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये आला. गॅलिलिओला गुरूभोवती फिरणारे चार चंद्र १६१० मध्ये दिसले, म्हणजे सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरत नाही हे डोळ्यांनी बघता आलं.

आता तुझ्या यादीतली शेवटची पायरी घे. आकाशगंगा एकटी नाही, हे कसं कळलं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत आकडेमोडीसाठी स्त्रियांना तुटपुंज्या पगारावर ठेवलेलं होतं. त्यांच्यात हेन्रिएटा लेव्हिट होती. काम काय, तर काचेच्या प्लेटवर घेतलेल्या आकाशाच्या फोटोंमधले ठिपके तपासायचे. हा तारा गेल्या वेळेपेक्षा अंधुक आहे का, पुन्हा उजळला का, किती दिवसांनी उजळला, हे एकेका ताऱ्यासाठी लिहून ठेवायचं. असे सतराशेहून अधिक बदलते तारे तिने नोंदवले. त्यांपैकी पंचवीस ताऱ्यांवरून १९१२ मध्ये तिने दाखवलं की ज्याला उजळून मंदावायला जास्त दिवस लागतात, तो तारा मुळात जास्त तेजस्वी असतो. म्हणजे दिवस मोजले की खरं तेज कळतं. खरं तेज कळलं की तो इतका अंधुक का दिसतो त्यावरून अंतर कळतं. दूरच्या आकाशात टाकायला पहिल्यांदा दोरी मिळाली. लेव्हिट १९२१ मध्ये वारली. १९२३ मध्ये एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञाला देवयानीच्या तेजोमेघात तसाच एक तारा सापडला. लेव्हिटच्या नियमाने अंतर काढल्यावर कळलं, हा ढग आपल्या आकाशगंगेत मावतच नाही, ती वेगळी दीर्घिका आहे. आज ते अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं मानतात.

हे मी एवढं सविस्तर लिहिलं कारण तुझ्या करिअरचा प्रश्न याच खोलीत आहे, ठिपके तपासणाऱ्या बाईच्या टेबलाशी. अंगावर काटा आणणारं वाक्य वाचायला एक मिनिट लागतं. ते खरं करायला दहा वर्षं मोजणी लागते. काटा बऱ्याच जणांच्या अंगावर येतो. मोजणी आवडणारे फार थोडे असतात, आणि माझ्या अनुभवात मूलभूत विज्ञानात तेच टिकतात.

आपल्या किनाऱ्याशी जोडलेली एक गोष्टही सांगते. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ चं सूर्यग्रहण तिथून अभ्यासलं गेलं, असं तिथे सांगतात. त्या ग्रहणात सूर्याच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेषा दिसली. पुढे त्यावरून हेलियमचा तर्क मांडला गेला, आणि तो वायू पृथ्वीवर हातात यायला १८९५ उजाडलं. तरी पुढची कितीतरी वर्षं शास्त्रज्ञांची समजूत अशी की सूर्य साधारण पृथ्वीसारख्याच मिश्रणाचा असणार, फक्त तापलेला. बघ, आपल्यावरून जग ठरवायची खोड प्रयोगशाळेतही सुटली नव्हती. सेसिलिया पेन या पंचवीस वर्षांच्या मुलीने १९२५ मध्ये प्रबंधात दाखवलं की ताऱ्यांत मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमच आहे. तिला एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाने सांगितलं, हे शक्य नाही. तिने स्वतःच्याच निष्कर्षाबद्दल शंका लिहून ठेवली. चार वर्षांनी तोच शास्त्रज्ञ त्याच निष्कर्षाला पोहोचला. हे वाचून मला आजही राग येतो, आणि तुझ्यासारख्या मुलींनी या क्षेत्रात जावं असं मनापासून वाटतं, त्याचं एक कारण तो राग आहे.

राहिलं 'माणूस काही विशेष नाही' हे वाक्य. घरच्या भातापासून सुरू कर. आंतरराष्ट्रीय गटाने, आपल्या देशाचे शास्त्रज्ञही त्यात होते, २००५ मध्ये भाताचा जनुकसंच पूर्ण वाचला. त्यात अंदाजे ३७ हजार जनुकं मोजली गेली. माणसाची प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २० हजार. त्याआधी बऱ्याच जणांचा अंदाज होता की माणसाची एक लाखाच्या घरात असतील, कारण माणूस म्हणजे माणूस! आता सांग, पप्पांच्या खाचरातलं भात पप्पांपेक्षा श्रेष्ठ ठरलं का? जनुकांच्या संख्येवरून मोठेपणा मोजता येतो ही समजूतच गेली. आकाराचंही तसंच. विश्वाचा व्यास कितीही असो, त्यातून तू सीईटी द्यावीस की नाही हे निघत नाही. दुर्बिणीने अंतर मोजता येतं, किंमत मोजता येत नाही.

आणि 'काही केलं तरी काय फरक पडतो' हे तर मोजमापालाच धरून नाही. २०१८ मध्ये पृथ्वीवरच्या सगळ्या सजीवांच्या वजनाचा एक अंदाज प्रसिद्ध झाला. त्यात माणसाचा वाटा फक्त ०.०१ टक्का आहे. पण त्याच हिशोबात सस्तन प्राण्यांचं वजन वेगळं काढलं, तर माणूस ३६ टक्के, त्याने पाळलेली जनावरं ६० टक्के आणि सगळे रानटी सस्तन प्राणी, देवमासे धरून, अवघे ४ टक्के उरतात. वजनाने नगण्य असलेल्या या प्राण्याने केवढी उलथापालथ केली आहे! तुझ्याच किनाऱ्यावरचं उलट उदाहरणही आहे. ओडिशात २०२१ मध्ये बिल्ला लावलेलं ऑलिव्ह रिडले कासव २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलं. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगवेगळी राहतात असं मानलं जात होतं, त्याला या एका मादीने धक्का दिला. हे कळलं कारण कोणीतरी रात्री पुळणीवर फिरत होतं आणि बिल्ल्यावरचा नंबर वाचून कळवावा असं त्याला वाटलं.

आजीबद्दल थोडंसं. चौऱ्याऐंशी लक्ष योनींतून मिळालेला नरदेह वाया घालवू नये, असं ऐकत ती मोठी झाली असणार. तिच्यासमोर तू डार्विन मांडलास की तिला दुखवायला वापरलास, हे तुलाच ठाऊक. आपल्या जागेबद्दलचा अहंकार सोडायला लावणारं शास्त्र घरात वरचढ ठरण्यासाठी वापरू नकोस. रात्री अंगणात बसून तिला गुरूचा ग्रह दाखव, आणि तिच्याकडून तिच्या लहानपणीची नक्षत्रं ऐक. मृग निघाला की पेरणी, हे तिला तुझ्याआधीपासून माहीत आहे.

एक गोष्ट गंभीरपणे विचारते. हे रिकामपण फक्त अभ्यासाच्या वेळी येतं, की जेवताना, मैत्रिणींत, झोपेतही? सगळीकडेच येत असेल तर तो खगोलशास्त्राचा प्रश्न नाही. आईला सांग, आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन कर. तो सरकारी आणि मोफत आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता वाटा. बारावीनंतर थेट मूलभूत विज्ञान शिकायचं तर आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची पाच वर्षांची बीएस-एमएस पदवी आहे. अशा सात संस्था आहेत, आपल्याला जवळची पुण्याची. त्यांच्या प्रवेशपरीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी या चारही विषयांचे प्रश्न असतात, म्हणून तुझं पीसीएमबी इथे कामाला येईल. दुसरी परीक्षा नेस्ट. तिच्यातून भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईत कलिन्याला असलेलं सेब्स या दोन विज्ञान संस्थांत प्रवेश मिळतो. हे नाहीच जमलं तर रत्नागिरीत राहून फिजिक्समध्ये बी.एस्सी. कर आणि मग जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी.ला जा. ही वाट कमी प्रतीची समजू नकोस. घरापासून लांब जायला वेळ हवा असलेल्या मुलींना मी तीच सुचवते.

पप्पांचा प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर गुळगुळीत करून सांगत नाही. पदवीची पाच वर्षं आणि पीएच.डी.ची पाच-सहा, म्हणजे कायमची नोकरी बहुधा तिशीनंतर. मधल्या काळात नेट किंवा जेस्ट या परीक्षांमधून संशोधनाची फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७ हजार रुपये आणि घरभाडं मिळतं, म्हणजे पीएच.डी. घरच्या पैशांवर करावी लागत नाही. पण फेलोशिप सगळ्यांना मिळत नाही. मध्येच बाहेर पडणारे विद्यार्थी कॉलेजात शिकवतात किंवा आकडेवारी आणि सॉफ्टवेअरच्या कामात जातात. उपाशी कोणी राहत नाही, पण ज्यासाठी निघाले तिथे सगळेच पोहोचत नाहीत.

सीईटी मात्र दे. बी. फार्म. चांगला कोर्स आहे आणि हाताशी एक प्रवेश असला की बाकीच्या परीक्षा मोकळ्या मनाने देता येतात. खगोलशास्त्रावरच अडून बसू नकोस. गोव्यातली दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था किंवा रत्नागिरीजवळचं शिरगावचं मत्स्य महाविद्यालय इथेही तुझ्यासारखे प्रश्न पडलेली माणसं काम करतात.

ठरवण्याआधी एक महिना हे कर. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा हिशोब तुमच्याकडे सगळ्यांना पाठ असतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. धक्क्यावर किंवा खाडीच्या काठी एका खांबाला खुणा कर आणि रोज पाणी सर्वांत वर कधी येतं ते घड्याळ बघून लिही. हिशोब किती मिनिटांनी चुकतो, उधाणाच्या मोठ्या भरतीला जास्त चुकतो की भांगाच्या लहान भरतीला, वाऱ्याने काही बदलतं का, हे वहीत मांड. विसाव्या दिवशी तुला कंटाळा आला की चुकलेल्या मिनिटांचं कारण शोधावंसं वाटलं, ते मला खरंखरं कळव. तुझ्या टक्क्यांपेक्षा त्यावरून मला जास्त कळेल. जमलं तर २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, नारायणगावजवळ खोडदची महादुर्बीण बघायला जा. त्या दिवशी तिथे प्रदर्शन असतं आणि विद्यार्थ्यांना काम करणाऱ्यांशी बोलता येतं. पप्पांनाही घेऊन जा.

कागदपत्रांचं काम मात्र आजच सुरू कर. आरक्षणाचा लाभ घ्यायचा असेल तर जातीचा दाखला, आणि ओबीसी असशील तर नॉन-क्रिमीलेअर, दोन्ही केंद्राच्या नमुन्यात लागतात. राज्याच्या प्रवेशासाठी काढलेला दाखला आयसरला चालेलच असं नाही. अर्ज साधारण मार्च-एप्रिलमध्ये सुरू होतात आणि तेव्हा तहसीलदार कचेरीत गर्दी असते. शिवाय पप्पा आंब्याच्या हंगामात अडकलेले असतील, म्हणून दिवाळीच्या सुट्टीतच त्यांच्याबरोबर जाऊन ये.

तुझी ताई