मुंबईत पोलिसांच्या बनावट पुराव्यावर शिक्षा झाली आणि उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं, तर सरकार आपोआप भरपाई देतं का?

नाही, आपोआप एक रुपयाही मिळत नाही. भरपाई वेगळी मागावी लागते. आपल्याकडे चुकीच्या शिक्षेसाठी स्वतंत्र भरपाई कायदाच नाही. विधी आयोगाने २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात तशी शिफारस केली होती. आजचा मार्ग म्हणजे घटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा, भंग झाला म्हणून कलम २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका, म्हणजे मूलभूत हक्कासाठी थेट उच्च न्यायालयात केलेला अर्ज. वकिलाचे पैसे नसतील तर उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा, तुरुंगात राहिलेल्या माणसाने लाजायचं काहीच कारण नाही. हेरगिरीच्या खोट्या प्रकरणात अडकवलेले इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५० लाख रुपये दिले, पण १९९४ च्या अटकेनंतर २४ वर्षांनी. त्यांच्यावर खटला चाललाही नव्हता.

मात्र नुसतं निर्दोष सुटणं पुरत नाही. पुरावा मुद्दाम रचला गेला हे दाखवावं लागतं, म्हणून निकालपत्राची प्रमाणित प्रत घेऊन पंच (पंचनाम्याचे साक्षीदार), कबुलीजबाब आणि मारहाणीबद्दल न्यायालयाने काय लिहिलंय ते शब्दशः वाचा. नुसता 'संशयाचा फायदा' दिला असेल तर दावा कमजोर पडतो. सरकारचं अपील चालू आहे का, तेही पाहा: ७/११ च्या लोकल स्फोट खटल्यात २१ जुलै २०२५ रोजी बाराही जण निर्दोष ठरले, आणि राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं.