चार आठवड्यांत इंग्रजी येणार का?

ऑक्टोबर उजाडला की जपानी विद्यापीठांच्या आमच्यासारख्या समुपदेशन कक्षांत हा प्रश्न ठरलेला असतो. फेब्रुवारी-मार्चच्या वसंत सुट्टीत परदेशी जाण्याचे अर्ज याच सुमारास भरायचे असतात. जाणारे थोडेथोडके नाहीत. २०१८च्या शैक्षणिक वर्षात १ लाख १५ हजारांहून जास्त जपानी विद्यार्थी शिकायला बाहेर गेले, आणि त्यातले जवळपास दोन-तृतीयांश एका महिन्याच्या आत परतले. जपानीत या सगळ्याला ‘र्‍यूगाकु’ हा एकच शब्द आहे, मग मुक्काम तीन आठवड्यांचा असो की तीन वर्षांचा. अपेक्षांचा घोळ तिथूनच सुरू होतो.

टोक्योशेजारच्या सैतामाची एक मुलगी, अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तिच्या हातात आईनं लिहिलेला हिशेबाचा कागद होता. कॅनडातल्या व्हिक्टोरियात चार आठवडे: शिकवणी आणि होमस्टे मिळून ३,९०,००० येन, विमान १,७०,०००, विमा १८,०००, हातखर्च ६०,०००. एकूण ६,३८,०००. खाली वेगळ्या शाईत बुडणाऱ्या पगाराचा आकडा, कारण कोम्बिनीतलं, म्हणजे चोवीस तास उघड्या छोट्या दुकानातलं, आठवड्याला १२ तासांचं काम महिनाभर बंद राहणार. आणि शेवटी आईचा प्रश्न: याचा उपयोग काय?

आईचा प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तरही सरळ दिलं. आठवड्याला २० तास धरले तर चार आठवड्यांत ८० तास होतात. जपानच्या नियमाप्रमाणे एक क्रेडिट म्हणजे घरचा अभ्यास धरून ४५ तास. म्हणजे हा सगळा खटाटोप दोन क्रेडिटांच्या अभ्यासाइतकासुद्धा भरत नाही. टोइक या इंग्रजीच्या चाचणीत तिला ९९०पैकी ४८० होते. महिन्याभरात ते ७०० होतील असं कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मग बदलतं काय? तिला तिथेच इंग्रजीत विचारलं, काल रात्री काय जेवलीस? प्रश्न तिला कळला होता, डोळ्यांत दिसत होतं. ओठ हलले, थांबले. मनातल्या मनात वाक्य जुळवलं, क्रियापदाचा काळ तपासला, पुन्हा मोडलं. नऊ-दहा सेकंदांनी एकच शब्द बाहेर आला: ‘करी’. सहा वर्षं शाळेत इंग्रजी शिकलेल्या मुलीची ही गत शब्द कमी पडल्यामुळे झालेली नसते. चूक झाली तर लाज वाटेल, ही भीती आड येते. तो दहा सेकंदांचा थांबा दोन-तीन सेकंदांवर आणणं चार आठवड्यांत नक्की जमतं. पण तो आपोआप कमी होत नाही. कार्यक्रम निवडतानाच तशी सोय पाहावी लागते.

कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये भाषाशाळा जपानी गटांनीच भरलेल्या असतात. पहिल्या दिवशी पातळी चाचणी होते. लेखी भागात सगळ्यांचे गुण सारखे, बोलण्यात सगळे गप्प, म्हणून सगळे एकाच वर्गात. पंधरा जणांच्या वर्गात नऊ-दहा जपानी, मधल्या सुट्टीत जपानी, बसमध्ये जपानी. त्यातून एका घरी दोघी मैत्रिणींना ठेवलं की जेवणाच्या टेबलावरही तेच. अशी मुलं महिनाभर फिरून येतात, फोटो सुंदर असतात, थांबा मात्र तेवढाच राहतो.

तिला आयोजकांना तीन गोष्टी लेखी विचारायला लावल्या. मागच्या मार्चमध्ये त्या पातळीच्या वर्गात जपानी किती होते? त्या घरात दुसरी जपानीभाषक विद्यार्थिनी असेल का? पहिल्या आठवड्यात वर्ग बदलून मिळतो का, आणि कोणत्या दिवसापर्यंत? पहिल्याचं उत्तर निराशाजनक आलं. दुसऱ्यावर मात्र ‘एकटीसाठी घर’ अशी नोंद अर्जात करता आली. आमच्या मते सगळ्यात मोलाचा बदल हाच.

सेबूचा पर्यायही तिच्यासमोर ठेवला. फिलिपिन्समधल्या शाळांत एकास एक तास असतात, दिवसाला चार-सहा. समोर एकच शिक्षक असला की गप्प बसायला जागाच उरत नाही. बुजऱ्या मुलांना हे जास्त मानवतं आणि खर्चही कमी येतो. तिथे पर्यटक म्हणून जाऊन शिकायला वेगळा अभ्यास परवाना लागतो, तो बहुतेक वेळा शाळाच काढून देते. पण तिच्या विद्यापीठात त्याचे क्रेडिट मिळत नव्हते आणि शिष्यवृत्तीही व्हिक्टोरियाच्याच कार्यक्रमाला होती.

शिष्यवृत्ती जासोची, म्हणजे जपान विद्यार्थी सेवा संस्थेची. विद्यापीठांच्या करारातून होणाऱ्या आणि निवडल्या गेलेल्या कार्यक्रमांना ती ८ दिवसांच्या मुक्कामापासून मिळू शकते, पण गुणांक ३पैकी निदान २.३० लागतो. हा गुणांक स्वतः काढून पाहावा. तिचे आदल्या वर्षीचे ४० क्रेडिट होते: वरच्या दोन श्रेणींत २२, त्यांचे प्रत्येकी ३ गुण; ‘र्‍यो’ या त्याखालच्या श्रेणीत १०, त्यांचे २; ‘का’ या पास होण्याच्या शेवटच्या श्रेणीत ८, त्यांचा १. बेरीज ९४, भागिले ४०, म्हणजे २.३५. निसटती पास. यात चार क्रेडिटांचा एखादा विषय नापास असता तर अंश ९४च राहून छेद ४४ झाला असता आणि गुणांक २.१४वर आला असता. नापास विषय मोजत नाहीत असं समजून कितीतरी मुलं इथेच अडकतात.

नोकरीची काळजी आईला होतीच. तिथे मात्र वेळ उत्तम होती. जपानमध्ये कंपन्यांची अधिकृत माहिती तिसऱ्या वर्षाच्या शेवटी १ मार्चला खुली होते, आणि तिसऱ्या वर्षाची उन्हाळी सुट्टी इंटर्नशिपमध्ये जाते. म्हणून दुसऱ्या वर्षाचा वसंत ही शेवटची मोकळी खिडकी. एक वर्ष थांबून बघू म्हणणाऱ्यांची गाठ नेमकी त्या १ मार्चशी पडते.

कागदपत्रं सोपी होती. जपानी पासपोर्टवर कॅनडाला सहा महिन्यांपर्यंतच्या अभ्यासक्रमासाठी परवाना लागत नाही, ७ कॅनेडियन डॉलरचा ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवाना, पुरतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ताबीरेजी’वर नोंदणी केली की त्या शहराच्या सुरक्षा सूचना ईमेलवर येतात.

टोक्योत भारतीय वस्ती असलेल्या निशी-कासाईसारख्या भागात वाढलेल्या मराठी मुलांनी इथे सावध राहावं. वर्गमित्रांबरोबर त्याच कार्यक्रमाला निघालात तरी भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो, तयारी काही आठवडे आधी सुरू करावी लागते. जासोची ही शिष्यवृत्ती जपानी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी आहे, आईवडिलांच्या नोकरीमुळे मिळालेल्या ‘कुटुंब’ या रहिवास दर्जावर ती मिळत नाही. जपान सोडताना विमानतळावरच्या फॉर्मवर विशेष पुनर्प्रवेशाच्या, म्हणजे ‘परत येणार’ अशा, चौकटीत खूण करायची, आणि रहिवास कार्डाची मुदत परतण्याच्या तारखेपुढची आहे ना, ते निघण्याआधीच पाहायचं.

निघायला आठ आठवडे होते. तिला व्याकरणाचं पुस्तक दिलं नाही. रोज दहा मिनिटं, फोनवर ध्वनिमुद्रण: एक प्रश्न ऐकायचा आणि तीन सेकंदांत काहीही बोलायचं, चुकलं तरी. सोबत वेळ मागून घेणारी चार-पाच वाक्यं पाठ: ‘लेट मी थिंक’, ‘कॅन यू से दॅट अगेन?’ आणि घरच्या बाईंना रोज रात्री विचारायचा एक प्रश्न, असे २८ प्रश्न वहीत आधीच लिहून.

पाचव्या दिवशी तिचा संदेश आला: घरचे नाराज वाटतात, परत यावंसं वाटतंय. चौकशीत कळलं की त्या घरी जेवण साडेपाचला होतं, आणि ही सातपर्यंत वाचनालयात बसून बाहेर खाऊन यायची. त्रास नको म्हणून कळवतही नव्हती. त्यात अंघोळ अर्धा तास, त्यामुळे मागच्याला गरम पाणी उरायचं नाही. तिच्या दृष्टीनं हा संकोच होता, त्यांना तो तुटकपणा वाटला. त्याच रात्री साडेपाचला टेबलावर बसायचं, अंघोळ दहा मिनिटांत उरकायची आणि वहीतला त्या दिवसाचा प्रश्न विचारायचा, एवढंच ठरलं. प्रश्न होता, ही सूपची पाककृती कोणाची? त्या जेवणाला दीड तास लागला.

एप्रिलमध्ये टोइक ५००च्या आसपास आलं, म्हणजे जवळपास होतं तिथेच. इंग्रजीत पुन्हा विचारलं, काल काय जेवलीस? दोनेक सेकंदांत उत्तर आलं, काळ चुकलेलं: ‘आय ईट करी. बट माय मदर्स करी इज टू स्वीट.’

मग तिनं स्वतःच विचारलं, एका सत्राच्या एक्स्चेंजला अजून जाता येईल का? शरद सत्राची मुख्य निवड होऊन गेली होती. दुसऱ्या फेरीत दोन जागा शिल्लक होत्या, त्यासाठी टोफेल या दुसऱ्या इंग्रजी चाचणीचे गुण मे अखेरपर्यंत हवे होते. तारीख तिनं आईच्या त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहून घेतली.