जुन्या गाडीत डाव्या सीटपुढचं मॅट सारखं ओलं होतं. गळती कशी शोधायची?

आधी कोरड्या दिवशी अर्धा तास एसी चालवा. गाडीखाली थेंब पडत नसतील आणि मॅट ओलं झालं, तर एसीची ड्रेन नळी (एसीचं पाणी गाडीखाली सोडणारी) तुंबली आहे. तसं नसेल तर मॅटखालचा फोम सुकवा, वर्तमानपत्र पसरा, एकाला टॉर्च देऊन आत बसवा आणि बाहेरून साध्या पाइपने पाणी सोडा: आधी दरवाजा, मग काच, शेवटी छप्पर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं, जागा कळत नाही. बहुतेकदा वायपरखालच्या जाळीत पानं कुजलेली असतात, नाहीतर दरवाजाच्या पॅडमागचं प्लॅस्टिक सुटलेलं असतं. प्रेशर वॉशर मात्र नको, त्याने चांगलं रबरही गळतं. पाणी चिकट, गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. हीटर कोर, म्हणजे डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर, तपासा.