माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत मिसळलेला कार्बन) 0.35 टक्के आला. उसाच्या खोडव्यातलं (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या पिकातलं) पाचट, म्हणजे वाळलेली पानं, ठेवून तो वाढेल का, आणि किती दिवसांत?

वाढेल, पण एका हंगामात नाही. एकरभर जमिनीच्या वरच्या 15 सेंमी थरात साधारण 9 लाख किलो माती असते. म्हणजे 0.1 टक्का वाढवायला 900 किलो कर्ब मातीत टिकायला हवा. एकरी 4 टन पाचटात सुमारे 1,600 किलो कर्ब असतो, पण त्यातला बहुतेक कुजताना हवेत जातो. तीन-चार वर्षं धरून चला.

पाचट जाळू नका. तोडणी झाली की बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा. पाचटाच्या टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकून पाणी द्या. युरिया टाकायचा इथेच टाळला जातो. मग जिवाणू मातीतला नत्र (नायट्रोजन) ओढतात, खोडवा पिवळा पडतो आणि दोष पाचटाला.

मृद आरोग्य पत्रिका 2015 पासून मिळते, तिच्यावर सेंद्रिय कर्बाचा आकडा असतो. पुढचा नमुना त्याच प्लॉटमधून, त्याच महिन्यात, तेवढ्याच खोलीवरून घ्या. बांधाजवळची किंवा उकिरड्याखालची माती घेतलीत तर आकडा फसवा येईल.