दबाव नव्हे, चाप

नाशिकच्या एका महाविद्यालयीन तरुणाने प्रश्न विचारला आहे. साहसप्रधान व्हिडिओ गेम तो मराठीतून समजावून सांगतो, आणि त्याची अडचण 'प्रेशर प्लेट' या वस्तूपाशी आहे. जमिनीत बसवलेली, वजन पडले की खाली जाणारी आणि कुठले तरी दार उघडणारी ही फरशी 'दबाव पट्टी' म्हणावी की 'दाब थाळी', आणि ती 'दाबावी' की 'तिच्यावर उभे राहावे', असे त्याने विचारले आहे.

थाळीत जेवतात, तेव्हा ती बाजूला ठेवू. 'दबाव' मात्र सोडून देण्यासारखा नाही, कारण हिंदीतून आयता उचललेला हा शब्द अलीकडे यंत्रांच्या बाबतीत इतक्या बेफिकिरीने वापरला जातो की ऐकणाऱ्याने कानांवर हात ठेवावेत. गंगापूर धरणाचे पाणी नळाला 'कमी दाबाने' येईल अशी सूचना नाशिककर वर्षानुवर्षे वाचत आले आहेत. ते 'कमी दबावाने' येईल असे आजवर कोणी लिहिलेले नाही. डॉक्टर रक्तदाब मोजतात आणि बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतो. दबाव येतो तो साक्षीदारावर, अधिकाऱ्यावर, नगरसेवकावर; म्हणजे ज्याला मन आहे आणि जो ते बदलू शकतो अशावर. फरशीवर दबाव आणून दार उघडून घेता येत नाही.

'दाबपट्टी' व्याकरणाने निर्दोष आहे, पण पट्टी लांब आणि अरुंद असते, आणि ही वस्तू बहुधा चौकोनी किंवा गोल असते. 'कळ' हा शब्द सुचवणारेही भेटतील. परंतु कळ ही हाताने, जाणूनबुजून दाबायची वस्तू आहे; या फरशीची सारी गंमत अशी की पुष्कळदा ती पायाखाली नकळत जाते आणि भिंतीतून बाण सुटल्यावरच तिचा पत्ता लागतो.

मराठीत यासाठी तयार शब्द आहे, तो म्हणजे 'चाप'. बंदुकीचा, केसांचा आणि कागदांचा चाप सर्वांना ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवण्याचे कारण नाही. महत्त्वाचा प्रश्न हा शब्द आला कुठून हा आहे, आणि येथे कित्येक जाणकार मंडळी डोळे मिटून संस्कृतातल्या 'चाप' म्हणजे धनुष्याकडे बोट दाखवतात. धनुष्य हे शस्त्र, बंदूक हेही शस्त्र, म्हणून धनुष्याचे नाव बंदुकीच्या घोड्याला मिळाले, असा हा सरळसोट हिशेब आहे. मग केसांच्या चापाचे काय करायचे, असे विचारले की तोही कमानदार असतो, असे उत्तर मिळते. कागदांचा चाप कमानदार नसतो हे दाखवून दिले की विषय बदलतो.

शेजारच्या भाषांकडे पाहिले असते तर हा खटाटोप वाचला असता. बंगालीत 'चाप' म्हणजे दाब. हिंदीत रक्तदाबाला 'रक्तचाप' म्हणतात, आणि रक्तात धनुष्य असल्याचे वैद्यकशास्त्राने अद्याप मान्य केलेले नाही. हिंदीतच पावलाच्या आवाजालाही 'चाप' म्हणतात. पाऊल जमिनीवर दाबले गेल्याचा तो आवाज असल्यामुळे तोही याच अर्थाशी जुळतो. प्राकृतात 'चंपइ' म्हणजे दाबतो, चेपतो. आपले 'चापणे' त्याच घरातले आहे, आणि नऊवारी 'चापून चोपून' नेसणाऱ्या बाईच्या मनात धनुष्य कधीही नसते. या घराण्याचा एक वारस तर थेट विलायतेत जाऊन नाव बदलून परत आला. हिंदीतल्या 'चाँपना' या क्रियापदाच्या आज्ञार्थी रूपावरून इंग्रजांनी 'शाम्पू' घेतला. पाटण्याच्या शेख दीन महंमदाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रायटनला मालिशची स्नानगृहे चालवली, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ अंग चेपणे एवढाच होता. केस धुण्याशी त्याचा संबंध पुढे जडला. चंपी आणि शाम्पू न्हाणीघरात शेजारी नांदतात, पण सख्खे नाते कोणी विचारत नाही.

याच ओघात माझे एक मत मांडतो, मग ते कोणाला पटो वा न पटो. 'छापणे' हेही 'चापणे'चेच भावंड असावे, कारण छापणे म्हणजे मुळात ठसा दाबणे. तसे असेल तर १९२८ पासून नाशिकरोडच्या मुद्रणालयात नोटा छापल्या जातात आणि गेममधला भुयारी दरवाजा चापाने उघडतो, या दोन्ही गोष्टी एकाच धातूच्या आधारावर चालतात. अंधारात 'चाचपणे' हेही त्याच मुळाचे असावे, असे मला वाटते. भुयारातला खेळाडू चाप चुकवण्यासाठी नेमके तेच करत असतो.

आता फरशीकडे येऊ. बंदुकीच्या चापापासून तिला वेगळे ठेवायचे असेल तर 'पायपुसणे', 'पायघडी' यांच्या चालीवर 'पायचाप' म्हणावे. त्यावर पायाऐवजी पेटी ठेवली तर काय, हा आक्षेप मी ऐकला आहे. पायपुसण्यावर कुत्रे बसले म्हणून त्याचे नाव बदलत नाही. शिवाय पायाच्या जागी दुसरे काही ठेवण्यातच या कोड्याचा जीव आहे. १९८७ च्या 'डंजन मास्टर' या गेममध्ये फरशीवर एखादी वस्तू टाकून दार उघडे ठेवता येत होते. २००० च्या 'मेजोराज मास्क'मध्ये नायक विशिष्ट सूर वाजवून स्वतःचीच पोकळ प्रतिमा मागे ठेवतो आणि ती त्याच्या वतीने भार देत उभी राहते. २००७ च्या 'पोर्टल'मध्ये हे काम वजनदार ठोकळा करतो. 'माइनक्राफ्ट'मध्ये लाकडी पायचाप जमिनीवर टाकलेल्या वस्तूने किंवा येऊन पडलेल्या बाणानेही चालतो, दगडी मात्र खेळाडू आणि प्राण्यांनाच दाद देतो. तिथल्या सोन्याच्या आणि लोखंडाच्या चापांना हलका व जड अशी वजनाची नावे आहेत, पण ते वजन मुळीच पाहत नाहीत, नग मोजतात: सोन्याचा चाप प्रत्येक नगामागे आपल्या संकेताचे बळ एकाने वाढवतो, लोखंडाचा चाप प्रत्येक दहा नगांमागे, आणि दोघांच्या बळाची मर्यादा १५ आहे. नाव ठेवणाऱ्याने येथेही 'दबाव पट्टी'वाल्यांइतकाच विचार केलेला दिसतो.

क्रियापदाचा प्रश्न या शब्दासरशी सुटतो, कारण मराठीने तेही आधीच करून ठेवले आहे. पेटी ठेवली की चाप बसतो आणि पेटी उचलली की चाप सुटतो; खेळाडूने चापावर पाय द्यावा किंवा भार ठेवावा, इतके म्हणणे पुरते. भार आहे तोवर बसलेला आणि भार गेला की वर येणारा, हीच चापाची खूण आहे. एकदा पाय पडल्यावर कायमची खाली राहणारी फरशीही काही खेळांत असते, तिला मात्र चाप म्हणू नये. तो खटका, आणि त्याच्या व्युत्पत्तीत 'खट्' या आवाजाखेरीज काहीही हाती लागत नाही.