वाचकांचे प्रश्न : स्पॅनिंग ट्री बंद करावी का?

प्रश्न : आमच्या कार्यालयात संगणक सुरू केल्यावर केबल नीट जोडलेली असूनही अर्धा मिनिट नेटवर्क मिळत नाही आणि कधीकधी १६९.२५४ ने सुरू होणारा निरुपयोगी आयपी पत्ता येतो. स्विचवरील (संगणकांना नेटवर्कमध्ये जोडणाऱ्या यंत्रावरील) स्पॅनिंग ट्री, म्हणजे केबलींचे चक्र तयार होऊ न देणारी यंत्रणा, बंद करण्याचा सल्ला आम्हाला मिळाला आहे. तो मानावा का?

उत्तर : मुळीच मानू नये. इथरनेटच्या, म्हणजे केबलच्या नेटवर्कच्या, फ्रेमला (माहितीच्या पुडक्याला) आयुष्याची मर्यादा नसते. त्यामुळे दोन स्विचमध्ये चुकून दोन केबल जोडल्या गेल्या, तर ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठी पाठवलेल्या, फ्रेम त्या चक्रात फिरत राहतात, त्यांच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत सगळे नेटवर्क ठप्प होते. स्पॅनिंग ट्री नेमके हेच टाळते.

तुमचा विलंब त्या सावधगिरीतून येतो. स्पॅनिंग ट्रीच्या मूळ ८०२.१डी पद्धतीत पोर्ट (स्विचवर केबल जोडण्याची जागा) १५ सेकंद ‘लिसनिंग’ (ऐकणे) आणि १५ सेकंद ‘लर्निंग’ (शिकणे) अवस्थेत राहतो, तोवर संगणकाची डीएचसीपी विनंती, म्हणजे आयपी पत्त्याची मागणी, पुढे जात नाही आणि वाट पाहून तो स्वतःच एक पत्ता घेऊन मोकळा होतो. २००१ च्या रॅपिड स्पॅनिंग ट्रीमध्ये दोन स्विच आपसांत चटकन ठरवतात, पण संगणक बीपीडीयू संदेशांना (स्पॅनिंग ट्रीसाठी स्विच एकमेकांना पाठवतात त्या संदेशांना) उत्तर देत नसल्याने तो पोर्ट ‘एज’ म्हणून, म्हणजे पुढे दुसरा स्विच नसलेला टोकाचा पोर्ट म्हणून, नोंदवलेला नसेल, तर तिथेही तेवढेच थांबावे लागते.

म्हणून ज्या पोर्टला संगणक, छपाईयंत्र किंवा आयपी फोन जोडलेला आहे, तेवढ्याच पोर्टवर एज पोर्टची सेटिंग करावी. सिस्कोच्या स्विचवर तिला पोर्टफास्ट म्हणतात. दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टला ती चुकूनही लावू नये. केबलचे दुसरे टोक कुठे आहे, हे प्रत्यक्ष पाहूनच यादी करावी, कारण पोर्टवरील जुनी लेबले अनेकदा दिशाभूल करतात.

एज पोर्टसोबत बीपीडीयू गार्ड लावणे मी अनिवार्य मानतो. कोणी टेबलाखाली छोटा स्विच आणून जोडला आणि त्याने बीपीडीयू पाठवला, किंवा एकाच केबलची दोन्ही टोके भिंतीवरील दोन सॉकेटमध्ये खोचल्याने आपलाच बीपीडीयू परत आला, तर गार्ड तो पोर्ट तत्काळ बंद करतो. कारण शोधून दूर केल्यावरच पोर्ट पुन्हा सुरू करावा, नाहीतर तो लगेच पुन्हा बंद पडेल. नावातील साम्यामुळे बीपीडीयू फिल्टर मात्र लावू नका. पोर्टवर थेट लावलेला फिल्टर हे संदेश पाठवणे आणि ऐकणे दोन्ही थांबवतो, म्हणजे त्या पोर्टपुरती स्पॅनिंग ट्री बंदच होते.

आधी एकाच पोर्टवर बदल करून केबल काढून पुन्हा लावावी. पोर्ट थेट ‘फॉरवर्डिंग’ (माहिती पुढे पाठवण्याच्या) अवस्थेत गेला आणि संगणकाला योग्य पत्ता मिळाला, तरच उरलेले पोर्ट बदलावेत.