मालमत्ता खरेदीसाठी कंपनीच्या नावावर खासगी कर्ज घेताय?

कंपनीने कर्ज घेतलं म्हणजे आपलं घरदार सुरक्षित, असं धरून चालू नका. कंपनी नवी असली की पैसे देणारा बहुतेक वेळा संचालकाची वैयक्तिक हमी मागतोच, आणि ती दिली की हप्ते थकल्यावर तो थेट तुमच्या दारात. त्यामुळे आधी हमीचं कलम वाचा, व्याजदर नंतर. हमीला रकमेची मर्यादा घालून मागा, कधीकधी मिळते.

व्याजदरही फसवा असतो. 12 टक्के दर, मुदत 6 महिने, वर 2 टक्के फी आधीच कापलेली. म्हणजे शंभराच्या कर्जावर हातात 98, परत द्यायचे 106. वर्षाच्या हिशेबाने हे 16 टक्क्यांच्या वर जातं. मुदतवाढीची फी आणि उशिराचा दंड वेगळाच.

पैसे कंपनीच्याच खात्यात घ्या, मालमत्तेचं खरेदीखतही तिच्याच नावाने. त्या खात्यातून घरखर्च अजिबात नको; वाद कोर्टात गेला तर कंपनीचं देणं तुमच्यावर येऊ न देणारं तिचं कवच तिथेच गळून पडू शकतं.

आणि परतफेड कशातून? 'मालमत्ता विकून देऊ' हे उत्तर पैसे देणाऱ्याला चालेल, तुम्हाला चालू नये. विक्री लांबली तर बँक नवं कर्ज देऊन हे कर्ज फेडू देईल का, ते व्यवहाराआधीच विचारून ठेवा. बँका जुने ताळेबंद मागतात, आणि नव्या कंपनीकडे नेमके तेच नसतात.